गाडीचा पट्टा कधी आणि कसा बदलावा?

या पानावर सुताचे भाव, उधारीची वसुली, जीएसटीचे परतावे यांची चर्चा नेहमीच होते. पण ज्या गाडीत बसून आपण माल पोहोचवतो आणि वसुलीला जातो, तिची आठवण मात्र ती रस्त्यात बंद पडली म्हणजेच होते. नागपूर, कामठी आणि मोमिनपुऱ्यातील आपले कितीतरी बंधू आठवड्यातून दोन-तीनदा वर्धा रोडने बुटीबोरीला जातात. कोणाला सुताची चौकशी करायची असते, कोणाला एमआयडीसीतील कारखान्याच्या गणवेशांची ऑर्डर पोहोचवायची असते. काही पुढे हिंगणघाट, वर्धा, चंद्रपूरपर्यंत जातात. या सर्वांसाठी आजचा धडा आहे, आणि तो आम्ही फी भरून शिकलेलो आहोत.

मे २०२४ च्या अखेरची गोष्ट. बकरी ईद जूनच्या १७ तारखेला होती. हिंगणघाटच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला सूटिंग आणि कुर्त्याचे कापड पोहोचवायचे होते. ईदच्या कापडाचा हिशेब वाचकांना ठाऊकच आहे. कापड दुकानात पोहोचल्यावर शिंप्याला निदान पंधरा दिवस मिळाले पाहिजेत, नाहीतर तो माल ईदनंतर कपाटातच राहतो. आम्ही सकाळी निघायचे ते पैशांच्या एका कामात अडकलो आणि भर दुपारी निघालो. गाडी डिझेलची, सात आसनी, मागची सीट काढून त्यात गाठी भरलेल्या. एसी पूर्ण चालू.

बुटीबोरीचा चौक ओलांडून बोरखेडीच्या टोलनाक्याकडे निघालो तोच समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, स्टिअरिंग एकदम जड झाले. गाडी बाजूला घेतो." आम्ही म्हणालो, "इथे उन्हात कुठे थांबतोस? नाक्यापर्यंत घे, तिथे सावली मिळेल." अंतर असेल तीन-चार किलोमीटर. एवढ्यात उष्णतेचा काटा वर चढला, एसीतून गरम हवा येऊ लागली आणि नाका दिसायच्या आत बॉनेटमधून वाफ निघाली. बॉनेट उघडले तर पट्टा तुटून तळाशी पडलेला. ड्रायव्हरने आमच्याच ठाणाची किनार फाडून, तिला पीळ देऊन पट्ट्याच्या जागी बांधून पाहिली. जुन्या अँबेसेडरच्या काळी असे जुगाड करून लोक घरी पोहोचत, असे त्याने ऐकले होते. ती किनार एक मिनिटही टिकली नाही.

पट्टा नऊशे रुपयांचा होता. पण त्या तीन-चार किलोमीटरांत इंजिनाचे हेड वाकले होते. हेड काढणे, घासून सपाट करणे, गॅस्केट आणि मजुरी मिळून बावीस हजार गेले, आणि गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये राहिली. माल दुसऱ्या दिवशी भाड्याच्या टेम्पोने पाठवला, तोवर गिऱ्हाइकाने निम्मी खरेदी दुसरीकडून केली होती. त्याला दोष कसा द्यायचा? त्यालाही शिंप्यांना तोंड द्यायचे होते.

खरी लाजेची बाब पुढेच आहे. मार्च महिन्यात ऑइल बदलताना मिस्त्रीने आम्हाला सांगितले होते की पट्टा बदलून घ्या, गाडी ब्याण्णव हजार चालली आहे आणि पट्टा कंपनीतून आलेलाच दिसतो. आम्ही वाकून पाहिले. एकही चीर दिसली नाही. "अजून चालेल," असे आम्हीच म्हणालो. चीर नाही म्हणजे पट्टा चांगला, हे आमचे ज्ञान जुने झाले होते. ते कसे, ते पुढे सांगतो.

एकाच पट्ट्यावर सारा कारखाना

यंत्रमाग चालवणाऱ्या बंधूंना हा पट्टा समजावण्याची गरज पडू नये. मागाची मोटर पट्ट्याने मागाला फिरवते. पट्टा सैल झाला की मोटर तेवढीच फिरते, पण माग मागे पडतो, धोटा वेळेत पेटीत पोहोचत नाही आणि माग दणकन थांबतो. आमचे वालिद कामठीत माग चालवत. पट्टा घसरतो आहे हे ते दुसऱ्या खोलीतून आवाजावरून सांगत, आणि मोटर पाटावर मागे सरकवून त्याला ताण देत. त्याच्याही आधी मोठ्या गिरण्यांमध्ये वाफेचे एक इंजिन लांबलचक दांड्याला फिरवी आणि त्या दांड्यावरून पट्टे उतरून शेकडो यंत्रांना चाल देत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली ती त्याच जमान्यातली. ती २००२ मध्ये बंद झाली, पण तिची ओळख अजून गावात आहे.

गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या अंगाला हीच व्यवस्था लहान रूपात आहे. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, एक पुली असते. तिच्यावरून एक लांब रबरी पट्टा निघतो. तो वर-खाली, आत-बाहेर वळणे घेत अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप आणि असल्यास पॉवर स्टिअरिंगचा पंप एवढ्या सर्वांना फिरवतो. या नागमोडी चालीमुळे त्याला सर्पेंटाईन बेल्ट म्हणतात. आपल्या गॅरेजांत आजही त्याला फॅन बेल्टच म्हणतात, जरी आजच्या बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालतो. पूर्वी दोन-तीन वेगळे पट्टे असत. एक तुटला तरी बाकीची कामे चालू राहत. आता सगळा भार एकावर आहे. जागा वाचली, कार्यक्षमता वाढली, पण तो तुटला की सगळेच एकदम बंद पडते.

सर्व गाड्यांत ही व्यवस्था एकसारखी नसते, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळ लहान गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालते, म्हणून पट्टा तुटला तरी ते लगेच जड होत नाही. काहींत पाण्याचा पंप आतल्या टायमिंग बेल्टवर चालतो. जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीमध्ये साधा व्ही पट्टा अल्टरनेटर व पाण्याच्या पंपाला फिरवी आणि एसीचा पट्टा वेगळा असे. पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत इंजिनच नसल्याने हा पट्टाही नसतो. म्हणून पहिले काम असे की आपल्या गाडीत हा पट्टा काय काय फिरवतो, ते मिस्त्रीला एकदा विचारून घ्यावे. पाण्याचा पंप त्याच्यावर आहे की नाही, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या टायमिंग बेल्टचा उल्लेख वर आला, तो इंजिनाच्या पोटातला वेगळा पट्टा आहे. त्याचे काम घरी करण्याचे नाही, आणि तो या लेखाचा विषयही नाही.

कधी बदलावा?

आता चिरांची गोष्ट. पूर्वी हे पट्टे निओप्रीन नावाच्या रबराचे असत. ते म्हातारे झाले की कडक होऊन आडव्या चिरा पडत. एका इंचात तीन-चार चिरा दिसल्या की पट्टा बदला, असा सोपा नियम होता. गेल्या पंचवीस एक वर्षांत ईपीडीएम नावाचे रबर आले. ते उष्णता चांगली सोसते, त्याला सहसा चिरा पडत नाहीत. पण ते झिजते, टायर झिजतो तसे, थोडे-थोडे. पट्ट्याच्या आतल्या अंगाला ज्या उभ्या धारा असतात, त्यांच्यामधल्या खाचा व्ही आकाराच्या असतात. झिजल्यावर त्या रुंद होऊन तळाशी गोल होतात. मग पट्टा पुलीत खोल बसतो, पकड सुटते आणि तो घसरू लागतो. घसरला की तापतो, तापला की आणखी लवकर संपतो. वरून पाहणाऱ्याला तो काळा, चकचकीत आणि चांगला वाटतो. कापडवाल्याने फसू नये असा हा प्रकार आहे. धोतर फाटलेले नाही, पण प्रकाशात धरले तर झिरझिरीत झाले आहे, हे आपण पाहताच ओळखतो. इथे मात्र आम्ही वरून पाहिले आणि फसलो.

ही झीज मोजण्यासाठी प्लास्टिकचे लहानसे माप मिळते. चांगल्या गॅरेजात ते असते. माप खाचेत ठेवले आणि ते धारांच्या माथ्याच्या बरोबरीला बसले किंवा इकडे-तिकडे हलू लागले, तर पट्टा गेला असे समजावे. माप नसेल तर दुकानात नवा पट्टा हातात घेऊन जुन्याच्या खाचा त्याच्याशी ताडून पाहाव्यात. फरक बोटालाही कळतो.

किलोमीटरचा हिशेब विचाराल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा पहिला मानावा. पुस्तक हरवले असेल तर आमचा ठोकताळा असा की साठ हजारांनंतर दर सर्व्हिसला पट्टा नीट तपासावा आणि नव्वद हजार ते एक लाखाच्या दरम्यान बदलूनच टाकावा. पट्टा दीड लाख जातो असेही सांगतात. जातही असेल, पण थंड मुलुखात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी गरम असते. बुटीबोरीच्या चौकात ट्रकांच्या रांगेत एसी चालू ठेवून उभे राहिलो, तर इंजिन तापते पण समोरून वारा लागत नाही. चंद्रपूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची धूळ आणि हिवाळ्यात जिनिंगवाल्या भागातली कापसाची बारीक रुई, हेही पट्ट्याच्या धारांत जाऊन बसते. धूळ आणि वाळूचा कण तिथे कानशीसारखे काम करतो. आणखी एक गोष्ट, गाडी कमी चालत असली तरी रबराचे वय वाढतच राहते. सात-आठ वर्षांचा पट्टा चाळीस हजार किलोमीटरच चालला म्हणून तरुण ठरत नाही.

आवाजाकडेही कान असू द्यावा. सकाळी गाडी सुरू करताच किंवा एसी लावताच कर्कश किंचाळी ऐकू आली, तर पट्टा घसरतो आहे. पाखरासारखा चिव-चिव आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत असेल, तर एखादी पुली तिरकी असण्याचा संभव आहे. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या धारांच्या अंगावर लांबूनच थोडे पाणी शिंपडून पाहतात. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्यांची रेषा चुकली आहे. ही परीक्षा मिस्त्रीच्या हातून करावी आणि आपण दूर उभे राहावे. बाजारात पट्ट्यावर मारण्याचा एक फवारा मिळतो, त्याने आवाज बंद होतो. तो वापरू नये. तो रोग लपवतो आणि धूळ चिकटवून घेतो.

पट्ट्यावर ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर आधी गळती बंद करावी. नवा पट्टा त्या ऑइलमध्ये फुगून काही महिन्यांत जातो, आणि दोष दुकानदाराला मिळतो.

खरेदी

पट्ट्याच्या पाठीवर एक क्रमांक छापलेला असतो, उदाहरणार्थ ६पीके१२३०. त्याचा अर्थ सोपा आहे. सहा धारा, पीके ही धारांची जात, आणि लांबी १२३० मिलिमीटर. "याच गाडीचा आहे, लावून टाका" असे कोणी म्हणाले तरी क्रमांक स्वतः जुळवावा. एकाच गाडीत एसी असलेली व नसलेली असे दोन प्रकार असले, तर पट्टेही दोन लांबीचे असतात. जुना पट्टा नव्याशेजारी धरल्यास वापराने किंचित लांबलेला दिसेल, त्याने गोंधळू नये. धारांची संख्या मात्र नेमकी तीच हवी.

नक्कल इथेही आहे. ज्यांनी आयुष्यभर किनारीवरचा छाप आणि कापडाचा पोत पाहून माल ओळखला, त्यांना हे कठीण जाऊ नये. छपाई बोटाने पुसली जाते काय, धारा एकसारख्या कापलेल्या आहेत काय, कडेला दोरे बाहेर आले आहेत काय, हे पाहावे. पट्ट्याच्या आत ताण सोसणारे मजबूत दोरे असतात, पुष्कळदा पॉलिएस्टरचेच. म्हणजे ज्या धाग्याचे मोठे कारखाने बुटीबोरीत आहेत, त्याच जातीचा धागा या पट्ट्याच्या पोटात असतो. पट्टे बनवणारेही लांब नाहीत. हिंगणा एमआयडीसीतील पिक्स ट्रान्समिशन्स ही १९८१ ची कंपनी रबरी पट्टेच बनवते आणि तिचा माल परदेशातही जातो. आम्ही कोणा एकाच कंपनीची शिफारस करीत नाही. नामांकित कंपनीचा माल, अधिकृत दुकानातून, पक्क्या पावतीवर घ्यावा, एवढेच म्हणतो. पन्नास-शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

बदलण्याची रीत

आमच्या मते हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण समोर उभे राहून. ज्यांच्या हाताला पाना-पकडीची सवय आहे, असे कारागीर बंधू ते स्वतःही करू शकतात. इंजिन पूर्ण थंड असावे, चावी खिशात आणि बॅटरीची ऋण तार काढलेली असावी. गळ्यातला रुमाल, मफलर, लांब सैल बाही काढून ठेवावी. मागावर काम करणाऱ्याला याचे कारण सांगण्याची गरज नाही.

जुना पट्टा काढण्याआधी त्याची वाट टिपून ठेवावी. बॉनेटच्या आत बहुधा नकाशाचे स्टिकर असते. नसेल तर मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्यावेत किंवा कागदावर रेघा मारून ठेवाव्यात. ही पाच मिनिटे वाचवली तर नंतर तासभर जातो, कारण वळण चुकले की पाण्याचा पंप उलटाही फिरू शकतो. धारांचे अंग खाचांच्या पुलीवर आणि सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर, ही खूण लक्षात ठेवली तर बहुतेक चुका टळतात.

पट्ट्याला ताण देणारी एक स्प्रिंगवाली भुजा असते, तिला टेन्शनर म्हणतात. योग्य मापाचा लांब दांड्याचा पाना तिच्या नटावर किंवा चौकोनी खाचेत बसवून ती पट्टा सैल होण्याच्या दिशेने वळवायची आणि सर्वांत सोप्या जागेवरच्या पुलीवरून पट्टा उतरवायचा. स्प्रिंग जोरदार असते. पाना निसटला तर बोटे चेंगरतात, म्हणून भुजा सोडताना सावकाश सोडावी. ज्या गाड्यांत टेन्शनर नाही, तिथे अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो सरकवावा लागतो. आमच्या मागाच्या मोटरसारखेच ते आहे. तिथे ताण किती द्यायचा ते पुस्तकात दिलेले असते. फार ताणला तर अल्टरनेटरचे आणि पंपाचे बेअरिंग खराब होते, आणि तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट असतो. काही नव्या गाड्यांत टेन्शनर नसून लवचीक, ताणून चढवण्याचा पट्टा असतो. त्याला खास हत्यार लागते आणि तो एकदा काढला की परत लावत नाहीत. तिथे स्वतः हात घालू नये. आणि कोणत्याही गाडीत स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर ओढून चढवू नये. आतले दोरे तुटतात, बाहेरून दिसत नाहीत.

पट्टा उतरला म्हणजे खरी तपासणीची वेळ. प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर लागली, हातात हलली किंवा अडखळली, तर तिचे बेअरिंग संपले आहे. टेन्शनरची भुजा थरथरत असेल किंवा तिची पुली तिरकी फिरत असेल, तर तो नव्या पट्ट्याबरोबरच बदलावा. मजुरी एकदाच लागते. आमच्या गाडीत पट्टा झिजलेला होताच, पण त्याला शेवटचा धक्का दिला तो अडकलेल्या आयडलर पुलीने. मिस्त्रीने ती हातात देऊन दाखवली, फिरतच नव्हती.

पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. नवा पट्टा टिपलेल्या वाटेने चढवावा आणि गुळगुळीत, हाताला सोपी पुली शेवटी ठेवावी. टेन्शनर सोडल्यावर बॅटरी उजेडात घेऊन एकेका पुलीवर पाहावे की सर्व धारा आपापल्या खाचेत बसल्या आहेत. एक धार बाहेर राहणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. अशी गाडी सुरू होते, दोन दिवस चालतेही, आणि मग पट्टा कडेने उसवत जातो. मग बॅटरीची तार जोडून इंजिन एखादे मिनिट चालवावे, दुरून पाहावे, बंद करून पुन्हा तपासावे. हाताने ताण दिलेला पट्टा काहीशे किलोमीटरनंतर एकदा परत तपासून घ्यावा.

रस्त्यात तुटला तर

बॅटरीचा दिवा आणि उष्णतेचा काटा दोन्ही वर आले, तर सावली शोधू नये. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, इंडिकेटर लावावेत आणि माणसांनी गाडीपासून दूर उतरावे. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, लोखंड तडकते. पाण्याचा पंप या पट्ट्यावर नाही अशी आपली खात्री असेल आणि काटा वर चढत नसेल, तर एसी, पंखा, रेडिओ बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. बॅटरी असेपर्यंत गाडी चालते, पण रात्री दिव्यांमुळे ती फार लवकर उतरते. कापडाची पट्टी किंवा दोरी बांधण्याचे जुगाड एका साध्या व्ही पट्ट्याच्या काळातले आहे. पाच-सहा पुल्यांच्या वळणावर ते चालत नाही. आमच्या ठाणाच्या किनारीने ते सिद्ध केले.

आता आम्ही दुकानाच्या खतावणीत शेवटचे एक पान गाडीसाठी ठेवले आहे. तारीख, किलोमीटर, पट्ट्याचा क्रमांक आणि पावती तिथेच असते. तपासणी मार्चमध्ये, उन्हाळा लागायच्या आत, ऑइलबरोबर होते. नवा पट्टा लावला तेव्हा त्याच क्रमांकाचा आणखी एक घेतला. तो टेन्शनरच्या मापाच्या पान्यासह, मूळ वेष्टनात, कापडात गुंडाळून स्टेपनीखाली ठेवला आहे. उन्हात आणि डिझेलच्या डब्याजवळ ठेवू नका असे मिस्त्रीने बजावले होते. गेल्या महिन्यात पुतण्याच्या टेम्पोचा पट्टाही पाहून घेतला. एक्क्याहत्तर हजार झाले होते, चीर एकही नव्हती. माप लावले तर ते खाचेत डुलत होते.